विजेच्या बिलातून पवनचक्कीकडे : तुलसी तांती यांची वाटचाल

स्मरणिकेसाठी एखाद्या उद्योजकाचा इतिहास लिही, असे संपादक मंडळातल्या मित्रांनी सांगितले आणि लगेच अटही घातली, की टाटा-अंबानी नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत. मी निवडलेला माणूस भिवंडीचा नाही, मराठीही नाही. जन्म राजकोटचा, कापडाचा धंदा सुरतेचा आणि पुढची सगळी कारकीर्द पुण्याची. पण त्याच्या आयुष्याला ज्या कागदाने वळण लावले, तो कागद आपल्यापैकी निम्म्या घरांत दर महिन्याला येत असे. तो म्हणजे विजेचे बिल.

आपण शाळेत असताना भिवंडीची वेळ घड्याळापेक्षा मागाच्या आवाजावरून कळायची. खटखट चालू असली की सगळे ठीक, थांबली की वीज गेली. १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि तिथले बरेचसे काम आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये आले, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हते, पण नारपोली, पद्मानगर, शांतीनगर इथल्या मुलांना ते कुणी शिकवायची गरजही नव्हती. धोटा, कांडी, बीम, सायजिंग हे शब्द आपल्याला व्याकरणाच्या आधी आले. घरी मोठी माणसे बोलत ती दोनच गोष्टींबद्दल, सुताचा भाव आणि लाइट. नेमक्या याच दोन गोष्टींनी तुलसी तांती यांनाही सुरतेत जेरीला आणले होते.

तांती यांचा जन्म २ फेब्रुवारी १९५८ चा. राजकोटला वाणिज्य आणि यंत्र अभियांत्रिकी अशा दोन्ही बाजूंचे शिक्षण झाले, म्हणजे हिशेबाची वही आणि पाना दोन्ही हातांत. भावांबरोबर त्यांनी सुरतेला कापडाच्या धंद्यात पाय रोवले. धंदा चालत होता, पण वीज महाग होती आणि भरवशाची नव्हती. कच्चा माल सोडला तर सर्वांत मोठा खर्च विजेचा, असे ते पुढे मुलाखतींतून सांगत. कापडवाल्याच्या हातात सुताचा भाव नसतो, कापडाचा भावही नसतो, तो व्यापारी ठरवतो. मधल्या मध्ये उरते ती मजुरी आणि वीज. आपल्याकडे अशा वेळी काय होत असे ते सांगायला नको. कोणी सवलतीसाठी मोर्चा काढी, कोणी पाळी कमी करी, कोणी माग भंगारात काढी, आणि कोणी काय करी ते वीज मंडळाच्या भरारी पथकाला ठाऊक.

तांती यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दोन पवनचक्क्या विकत घेतल्या. त्यात पर्यावरणाचा विचार नव्हता, साधा कारखानदारी हिशेब होता. वीज मंडळाचा दर दरवर्षी वाढणार. पवनचक्कीला पैसा एकदाच घालावा लागतो, नंतर इंधनाचा खर्च शून्य, कारण वारा फुकट. चक्की कारखान्याच्या दारात असायची गरज नसते. ती वारा असेल तिथे उभी करायची, तयार झालेली वीज मंडळाच्या तारांत सोडायची आणि तेवढे युनिट आपल्या बिलातून वजा करून घ्यायचे, अशी सोय तेव्हा राज्यांनी देऊ केली होती. मंडळ आपला वहनखर्च कापून घेई. पावसाळ्यात जास्त वीज झाली तर ती नंतर वापरता येई. भूगोलाच्या बाईंनी नैऋत्य मोसमी वारे फळ्यावर बाण काढून शिकवले होते ते आठवा. महाराष्ट्र-गुजरातेत पवनचक्कीची बरीचशी कमाई त्या जून ते सप्टेंबरच्या बाणांवर असते.

चक्क्या चालल्या, पण त्या घेताना आणि चालवताना तांती यांना एक गोष्ट दिसली, आणि मला वाटते त्यांचे खरे डोके इथे दिसते. बाजारात यंत्र विकणारे होते, पण पवनचक्की म्हणजे फ्रीज नव्हे, की आणली आणि लावली. वारा मोजायचा, जागा शोधायची, जमीन घ्यायची, डोंगरावर रस्ता काढायचा, उपकेंद्र बांधायचे, मंडळाच्या परवानग्या काढायच्या, बँकेला पटवायचे आणि वीस वर्षे कोणीतरी वर चढून ती दुरुस्त करायची. कापडाच्या कारखानदाराला यातले काही येत नाही आणि त्याला वेळही नाही. तेव्हा हे सगळे आपणच करून द्यायचे, कारखानदाराने फक्त पैसा घालायचा आणि वीज घ्यायची. १९९५ मध्ये ‘सुझलॉन’ सुरू झाली ती या कल्पनेवर. तांती यांना गिऱ्हाइकाचे दुखणे माहीत होते, कारण कालपर्यंत ते स्वतःच गिऱ्हाईक होते.

यंत्राचे तंत्र मात्र त्यांच्याकडे नव्हते. जर्मनीतल्या ‘सुडविंड’ नावाच्या लहान कंपनीशी करार करून त्यांनी २७० किलोवॉटची चक्की आणली. इंडियन पेट्रोकेमिकल्स या सरकारी कंपनीसाठी गुजरातेत अशा दहा चक्क्या बसवल्या, ते पहिले मोठे काम. पुढे १९९७ मध्ये सुडविंडच बुडाली. दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. तांती यांनी तिचे अभियंते कामावर घेतले आणि जर्मनीतच संशोधन केंद्र काढले. पात्यांचे तंत्र नेदरलँड्समधून घेतले, उत्पादन भारतात. तज्ज्ञ जिथे राहतो तिथे त्याला काम द्यायचे आणि माल जिथे स्वस्त बनतो तिथे बनवायचा, हे त्यांचे सूत्र झाले.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण अशा चरित्रांत ती गाळतात. त्या काळात पवनचक्क्या खपल्या त्यामागे वाऱ्याइतकाच आयकराचाही जोर होता. चक्कीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवता येत असे. नफ्यातल्या कंपनीला हे वरदानच होते, कर वाचला आणि वीजही मिळाली. बजाज ऑटोसारख्या कंपन्यांनी सातारा जिल्ह्यात चक्क्या उभ्या केल्या. भिवंडीच्या मागवाल्याने का केल्या नाहीत, याचे उत्तरही इथेच आहे. बारा-चोवीस मागांचा मालक, व्यापाऱ्याचे सूत आणून पिकाच्या दराने मजुरीवर कापड विणणारा. त्याच्या वहीत करपात्र नफा कुठून असणार? एका चक्कीची किंमत त्याच्या सगळ्या मागांच्या किमतीच्या कितीतरी पट. सुरतेच्या कारखानदाराला जी वाट होती ती आपल्याकडच्या शेडला नव्हती. बुद्धी कमी पडली, धाडस कमी पडले, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

२००० च्या सुमारास तांती यांच्या वाचनात जागतिक तापमानवाढीवरचा एक अहवाल आला. कर्बवायू असाच वाढत राहिला तर काही दशकांत मालदीवसारखी बेटे पाण्याखाली जातील, असे त्यात म्हटले होते. मालदीव त्यांचे आवडते ठिकाण होते, असे ते सांगत. खरे कारण हे, की वाऱ्याचा धंदा कापडाच्या पुढे निघून गेला हे, त्यात मी पडत नाही, दोन्ही एकदम खरे असू शकते. २००१ मध्ये त्यांनी कापड सोडले.

याच सुमारास महाराष्ट्रातही डोंगर बदलले. देवगडजवळ जामसंडे इथे सरकारी प्रात्यक्षिक चक्क्या आधीच होत्या, पण खरी गर्दी झाली ती सातारा जिल्ह्यात. कोयना धरणाच्या वर वनकुसवड्याचे पठार आहे, तिथे सुझलॉनचे मोठे पवन-उद्यान झाले. ठोसेघरच्या धबधब्याला गेलेल्यांनी चाळकेवाडीच्या चक्क्या पाहिल्या असतीलच. जवळ गेल्यावर हूं-हूं असा आवाज येतो, आपल्या मागांपुढे तो काहीच नाही. नंतर धुळे जिल्ह्यात साक्रीच्या बाजूला चक्क्यांच्या रांगा लागल्या. तिथे वनजमिनीवरून आदिवासी संघटनांनी आंदोलने केली, साताऱ्याकडेही जमिनीच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांच्या तक्रारी झाल्या. हवा स्वच्छ करणाऱ्या यंत्राखालची जमीन कुणाची, हा प्रश्न सुझलॉनच्या रंगीत पुस्तिकांत नव्हता.

विज्ञानाच्या सरांसाठी एक ओळ. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते. म्हणून जागेची निवड हाच या धंद्याचा प्राण, आणि म्हणून पाती लांब व मनोरे उंच होत गेले. २७० किलोवॉटपासून सुरुवात करणाऱ्या सुझलॉनने काही वर्षांत २.१ मेगावॉटची, म्हणजे जवळजवळ आठपट मोठी यंत्रे बाजारात आणली.

२००५ मध्ये कंपनीचे शेअर ५१० रुपयांना बाजारात आले आणि तांती देशातल्या सर्वांत श्रीमंत लोकांच्या यादीत गेले. २००६ मध्ये त्यांनी बेल्जियमची गिअरबॉक्स बनवणारी हॅन्सन कंपनी ४६.५ कोटी युरोंना घेतली. २००७ मध्ये जर्मनीच्या ‘रीपॉवर’साठी फ्रान्सच्या अरेव्हा या बलाढ्य सरकारी कंपनीशी बोलीची चढाओढ झाली आणि सुझलॉन जिंकली. रीपॉवरची किंमत सुमारे १३० कोटी युरो धरली गेली. पैसा बहुतेक कर्जाचा. त्याच वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांचा पर्यावरणाच्या नायकांत समावेश केला.

योगायोग पाहा, २००७ हेच वर्ष भिवंडीच्या विजेच्या इतिहासातही महत्त्वाचे. २६ जानेवारी २००७ ला भिवंडीचे वीजवितरण महावितरणकडून टोरेंट पॉवर या अहमदाबादच्या कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून गेले. देशातला अशा प्रकारचा हा पहिलाच मोठा प्रयोग. तेव्हा शहरातली गळती आणि थकबाकी मिळून तोटा सुमारे ५८ टक्के होता, म्हणजे शंभर रुपयांची वीज आत आली तर बेचाळीसच वसूल. काही वर्षांत हा आकडा २० टक्क्यांच्या आसपास आला. नवी रोहित्रे, नवे मीटर, आणि त्याबरोबर बिलांवरून भांडणेही आली. आपल्यापैकी कोणाचे या प्रयोगाबद्दल काय मत आहे ते आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदा विचारून मी पाहिले, तो दिवस पुन्हा नको.

तांती यांच्याकडे परत येतो. रीपॉवर विकत घेतली, पण जर्मन कायद्यामुळे उरलेले भागधारक असेपर्यंत तिचे तंत्रज्ञान आणि तिची तिजोरी सुझलॉनला मोकळेपणी वापरता येईना. ती पूर्ण हातात यायला २०११ उजाडले. दरम्यान अमेरिकेत बसवलेल्या चक्क्यांच्या पात्यांना तडे जाऊ लागले. बाराशेहून अधिक पाती दुरुस्तीला घ्यावी लागली. ऑक्टोबर २००८ मध्ये इलिनॉय राज्यात एक पाते तुटून खाली पडले. माणूस मेला नाही, पण नाव गेले. त्याच महिन्यात जगभर बँका बुडत होत्या, नवी मागणी आटली, कर्जाचे हप्ते मात्र ठरल्या तारखेला येत राहिले. कापडाच्या धंद्यात आपण म्हणतो, तागा अडला तरी व्याज अडत नाही. युरोत घेतलेल्या कर्जाचेही तसेच.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सुझलॉनला २०.९ कोटी डॉलरचे परकीय रोखे फेडता आले नाहीत. तोपर्यंतची भारतीय कंपनीची अशी ही सर्वांत मोठी चूक. हॅन्सन विकून झाली होतीच. जिच्यासाठी एवढा आटापिटा केला ती रीपॉवर, आता सेन्व्हियन या नावाने, २०१५ मध्ये सुमारे १०० कोटी युरोंना विकावी लागली. त्याच वर्षी सन फार्माचे दिलीप संघवी आणि त्यांच्या परिवाराने १,८०० कोटी रुपये घातले. जरा श्वास मिळाला, पण २०१७ पासून सरकारने पवन वीज ठरलेल्या दराऐवजी लिलावाने घ्यायला सुरुवात केली. पहिल्याच लिलावात दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर आला आणि वर्षाअखेर गुजरातेत २ रुपये ४३ पैशांपर्यंत घसरला. ग्राहकाला आनंद, यंत्र बनवणाऱ्याच्या नाकाशी सूत. २०१९ मध्ये पुन्हा हप्ता चुकला. २०२० मध्ये बँकांनी कर्जाची फेररचना केली तेव्हा शेअरचा भाव दोन रुपयांच्या आसपास होता. आपल्या बॅचमधल्या ज्यांनी तो २००८ च्या तेजीत घेतला होता त्यांची नावे मी लिहीत नाही.

या काळात ऊर्जेच्या धंद्यात आलेले तांती एकटेच नव्हते, हेही लक्षात घ्यावे. संगणकाच्या जगातून मोठमोठी माणसे इकडे वळली. पुण्यात जन्मलेले, सन मायक्रोसिस्टिम्सचे एक संस्थापक विनोद खोसला यांनी जैवइंधनात पैसा घातला. त्यांच्या पाठबळाची ‘किऑर’ कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. ‘सॅप’ या सॉफ्टवेअर कंपनीतले बडे अधिकारी शाय अगासी यांनी नोकरी सोडून विजेच्या मोटारींसाठी बॅटरी बदलून देणारी ‘बेटर प्लेस’ काढली, ती २०१३ मध्ये बुडाली. संगणकाचा प्रोग्रॅम एकदा लिहिला की लाख प्रती फुकट निघतात. ऊर्जेत प्रत्येक युनिटमागे लोखंड, सिमेंट, जमीन आणि कर्ज असते. कापडवाल्या तांती यांना हे या दोघांपेक्षा अधिक कळत होते, असे माझे मत आहे. त्यांचे यंत्र चालत होते, गिऱ्हाईक होते, त्यांना गोत्यात आणले ते इतरांच्या कंपन्या कर्जाने विकत घेण्याच्या घाईने. आणि हेही मान्य करायला हवे, की ते पळून गेले नाहीत. बुडीत कर्जे मागे ठेवून परदेशी बसलेले उद्योगपती त्याच दशकात आपण पाहिले. तांती पुण्यातच राहिले, हडपसरच्या ‘वन अर्थ’ या कार्यालयात, बँकांच्या बैठकांना जात राहिले.

२०२२ च्या शरद ऋतूत कंपनी १,२०० कोटींचे हक्कभाग विकून कर्ज कमी करण्याच्या तयारीत होती. त्यासाठीच्या बैठका चालू होत्या. १ ऑक्टोबरला अहमदाबादहून पुण्याला येताना तांती यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच ते गेले. वय ६४. विक्री दहा दिवसांनी ठरल्याप्रमाणे उघडली. भाऊ विनोद तांती यांनी सूत्रे घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने बाजारातून आणखी २,००० कोटी उभे केले आणि जुने कर्ज जवळजवळ फेडून टाकले. तांती गेले तेव्हा सुझलॉनच्या चक्क्या १७ देशांत होत्या, क्षमता १९ हजार मेगावॉटच्या वर.

आता आपल्या शेडचे काय, हे विचारल्याशिवाय भिवंडीकराचा लेख संपत नाही. १ एप्रिल २०१७ ला केंद्राच्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेची सुरुवात भिवंडीतच झाली होती. तिच्यात लहान यंत्रमागधारकांना सौरऊर्जेसाठी अनुदान होते. मी ढोबळ हिशेब करून पाहिला. साधे चोवीस माग दोन पाळ्यांत चोवीस तास चालले तर दिवसाला तीनशेच्या आसपास युनिट लागतात. सौर पॅनलला एका किलोवॉटमागे साधारण शंभर चौरस फूट छप्पर लागते आणि आपल्याकडे त्यातून दिवसाला चारेक युनिट निघतात. दोन हजार चौरस फुटांच्या शेडवर वीस किलोवॉट बसले तर ऐंशी युनिट, म्हणजे पाव बिल. तेही पावसाळ्यात कमी, आणि रात्रपाळी ग्रिडवरच. शिवाय छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे, वजन पेलेल की नाही कोण सांगणार, आणि बऱ्याच ठिकाणी माग एकाचा, शेड दुसऱ्याची. भाडेकरूने पंचवीस वर्षे टिकणारे पॅनल मालकाच्या पत्र्यावर का बसवावे? २७ अश्वशक्तीच्या आतले आणि बाहेरचे, अशी सवलतीची विभागणी आहे ती वेगळीच. पाव बिल वाचवण्यासाठी एवढे जमवून देणारा, जागा-परवानगी-कर्ज-दुरुस्ती सगळे एका हाताने करणारा माणूस सुरतेच्या कारखानदारांना १९९५ मध्ये मिळाला. आपल्या वर्गातल्या ज्यांचे माग अजून चालू आहेत त्यांच्यापैकी कोणी पॅनल बसवले असतील तर खरे आकडे मला मधल्या सुट्टीत सांगावेत. वही आणि पेन मी घेऊन येतो आहे.